सज्जनाचं हसं

अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या गावात वयस्क माणूस वारला, की तिथल्या स्थानिक वर्तमानपत्रात त्याच्यावर जो मजकूर छापून येतो, त्यात तीन गोष्टी बहुधा असतातच. दिवंगत गृहस्थ प्रभू येशूचे निष्ठावंत भक्त होते, कुटुंबवत्सल होते आणि तरुणपणी त्यांनी नौदलात देशसेवा केली होती. नौदल नसेल तर पायदळ किंवा हवाई दल. बाकी मसुदा तोच. त्यांना मासेमारीची आवड होती, हे चौथं वाक्य ऐच्छिक. आपल्याकडे याच जागी 'मनमिळाऊ, परोपकारी आणि हसतमुख' हे त्रिकूट येतं, आणि मग पश्चात दोन मुलगे, सुना, विवाहित कन्या, नातवंडं असा परिवार. माणूस जन्मभर सोसायटीच्या पार्किंगवरून भांडलेला असला तरी वारल्या दिवशी तो मनमिळाऊ होतो. यात कोणाची फसवणूक नाही. लिहिणाऱ्याला सगळं ठाऊक असतं, वाचणाऱ्यालाही ठाऊक असतं, आणि ज्याने संकोचून 'अहो, इतकं नको' म्हणायचं, तो काही म्हणण्याच्या अवस्थेत नसतो. मृत्युलेखातली विशेषणं पडताळून पाहायची नाहीत, हा सगळ्या जगाने बिनबोभाट पाळलेला करार आहे.

२९ डिसेंबर २०२४ रोजी जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स नावाच्या पाच-सहाशे वस्तीच्या गावात मात्र असे एक गृहस्थ वारले, की त्यांच्या बाबतीत ही पडताळणी करण्याची पूर्ण सोय होती. जिमी कार्टर, वय वर्षं १००, धंदा भुईमुगाचा, मधली चार वर्षं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. राष्ट्राध्यक्ष झालेल्या माणसाचं झाकलेलं असं फारसं काही उरत नाही. भक्ती किती होती, संसार कसा केला, नोकरीत काय दिवे लावले, याच्या नोंदी असतात, साक्षीदार असतात आणि विरोधकांनी खणून काढलेले पुरावे असतात. ते सगळं समोर ठेवून पाहिलं तर कार्टर यांच्याबद्दलची तिन्ही विशेषणं खरी ठरतात. शोकसभेपुरती नव्हे, अक्षरशः खरी. आता अशा माणसाला त्याच्या देशाने डोक्यावर घ्यायला हवं होतं. देशाने केलं काय, तर तो सत्तेवर असताना त्याला मनसोक्त हसून घेतलं. मला यात योगायोग दिसत नाही. माझं म्हणणं असं, की सद्गुण मोघम असेल तोवर त्याला मान मिळतो. तो अक्षरशः पाळला जाऊ लागला की त्याचं हसं होतं. आणि म्हणूनच एखाद्याचा सज्जनपणा खरा की दिखाऊ हे ओळखायचं असेल, तर लोक त्याला किती मानत होते यापेक्षा कशासाठी हसत होते, हे पाहणं जास्त उपयोगाचं आहे.

पहिलं विशेषण घेऊ. राजकारण्याने श्रद्धाळू असण्याची अमेरिकेत ठरलेली रीत आहे. भाषणाच्या शेवटी देशाला देवाच्या हवाली करायचं, निवडणुकीच्या वर्षी बायबल हाताशी दिसेल असं ठेवायचं, आणि ते उघडायच्या भानगडीत पडायचं नाही. कार्टर यांना ही रीत कधी जमली नाही. अकराव्या वर्षी बाप्तिस्मा झालेला हा बॅप्टिस्ट नौदल अकादमीत शिकत असल्यापासून रविवारच्या शाळेत बायबल शिकवत होता, आणि नव्वदी उलटल्यावरही गावातल्या मारानाथा बॅप्टिस्ट चर्चमध्ये शिकवतच होता. १९७६च्या निवडणुकीच्या ऐन धामधुमीत त्यांनी 'प्लेबॉय' मासिकाला मुलाखत दिली. जे मासिक लोक गादीखाली दडवून वाचत, त्यात कार्टर यांनी येशूची शिकवण समजावून सांगितली: परस्त्रीकडे अभिलाषेने पाहणं हाही मनातला व्यभिचारच, आणि तो आपल्या हातून अनेकदा घडलेला आहे. म्हणजे मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय, आणि पान उलटलं की वस्त्रांविषयी उदासीन अशा तरुणी. देशभर गदारोळ उठला, जनमत चाचणीतली आघाडी घसरली. व्यभिचार केल्याचं उघडकीला येऊन बदनाम झालेले पुढारी पुष्कळ आहेत. तो न केल्याचा कबुलीजबाब देऊन बदनाम झालेला बहुधा हा एकटाच.

बरं, हा नुसता बोलण्यातला भोळेपणा म्हणावा, तर तसंही नाही. १९६५मध्ये प्लेन्सच्या चर्चमध्ये कृष्णवर्णीयांना उपासनेला बसू द्यायचं की नाही यावर मतदान झालं. कार्टर यांनी उभं राहून त्यांच्या बाजूने भाषण केलं. मोजणी झाली तेव्हा बाजूने पडलेली मतं घरच्यांची, आणि बाहेरचं फार तर एखादं. दक्षिणेतल्या गावात, गोरं गिऱ्हाईक सांभाळायचं असताना, भुईमुगाच्या व्यापाऱ्याने असं करणं म्हणजे गिऱ्हाइकाला आपणहून दुसऱ्या दुकानाचा पत्ता देणं. पुढे २०००मध्ये सदर्न बॅप्टिस्ट संघटनेने स्त्रियांना धर्मोपदेशक होण्याची दारं बंद केली, तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेल्या कार्टर यांनी जन्मभराच्या त्या संघटनेशी संबंध तोडला. या वयात माणसं सहसा चर्चची खुर्चीसुद्धा बदलत नाहीत. आणि जो स्वतः पाळायचा तो नेम दुसऱ्यावर लादायचा नाही, हीही त्यांची तऱ्हा. व्हाइट हाउसमध्ये त्यांनी व्हिस्की बंद केली, पाहुण्यांना वाइनवर भागवावं लागे. पण १९७८मध्ये घरच्या घरी बीअर बनवायला परवानगी देणाऱ्या कायद्यावर सही केली ती याच गृहस्थांनी. अमेरिकेत आज गल्लोगल्ली ज्या हौशी बीअरचं कौतुक चालतं, तिच्या मुळाशी रविवारच्या शाळेचे मास्तर आहेत. कट्टर धार्मिकांना हे पचलं नाही आणि पिणाऱ्यांना ते आठवत नाही.

दुसरं विशेषण कुटुंबवत्सलतेचं. इथेही रीत ठरलेली आहे. बायकोने मंचावर अर्धं पाऊल मागे उभं राहायचं, मुलांनी हात हलवायचा, आणि भानगडखोर नातेवाइकांना निवडणुकीपुरतं मामाच्या गावाला पाठवायचं. कार्टर यांनी बायकोला मंत्रिमंडळाच्या बैठकीत बसवलं. रोझलिन कार्टर तिथे वही उघडून टिपणं घेत बसत, आणि वर्तमानपत्रं विचारत, या बाईंना निवडून कोणी दिलं? १९८०च्या वादसभेत प्रतिस्पर्धी रोनाल्ड रेगन यांच्यासमोर, सगळा देश टीव्हीला डोळे लावून बसलेला असताना, कार्टर म्हणाले की देशापुढचा सगळ्यात मोठा प्रश्न कोणता, हे त्यांनी मुलीला, एमीला, विचारलं, आणि तिने अण्वस्त्रांचं नियंत्रण असं सांगितलं. एमी तेव्हा तेरा वर्षांची. दुसऱ्या दिवसापासून प्रचारसभांतून 'एमीला विचारा' असे फलक नाचू लागले. मुलांवर प्रेम आहे असं प्रत्येक उमेदवार सांगतो. मुलांचं ऐकतो असं सांगितल्यावर मात्र लोक हसून बेजार झाले. अण्वस्त्रांबद्दल एमीचं म्हणणं चूक होतं, असं काही कोणी दाखवून दिलं नाही.

घरातली इतर मंडळी तर विनोदी लेखकाने योजावीत अशी. भाऊ बिली याने स्वतःच्या नावाची बीअर बाजारात आणली आणि पुढे लिबिया सरकारकडून २ लाख २० हजार डॉलर घेऊन सिनेटची चौकशी ओढवून घेतली. एक बहीण धर्मप्रचारक, दुसरी मोटारसायकलवर हिंडणारी. आई लिलियन, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पीस कोअरची स्वयंसेविका होऊन थेट आपल्या विक्रोळीत येऊन राहिली आणि १९६६ ते ६८ तिथल्या कारखान्याच्या वसाहतीत परिचारिका म्हणून राबली. मुलांच्या तऱ्हा पाहून, आपण कुमारीच राहायला हवं होतं असं वाटतं, हे तिचं म्हणणं अमेरिकेत अजून सांगितलं जातं. यांतल्या एकालाही कार्टर यांनी दूर सारलं नाही. बिलीसुद्धा भाऊच राहिला; त्याच्यावर माझं प्रेम आहे आणि त्याच्यावर माझा ताबा नाही, असं जगातला सर्वांत बलाढ्य माणूस सांगत राहिला. आता कोणी म्हणेल, कुटुंबवत्सल माणसाच्या घरी भांडणं कशी? तर त्या घरात तीही रीतसर झाली. १९५३मध्ये वडील वारल्यावर कार्टर यांनी बायकोला न विचारता नौदल सोडलं, तेव्हा प्लेन्सपर्यंतच्या मोटारप्रवासात रोझलिनबाई त्यांच्याशी बोलल्या नाहीत; गाडी थांबवायची असली की मोठ्या मुलामार्फत निरोप जाई. १९८७मध्ये दोघांनी मिळून एक पुस्तक लिहिलं, तर प्रत्येक वाक्यावरून अशी जुंपली की एकाच घरात चिठ्ठ्यांवर कारभार चालू झाला. शेवटी संपादकाने तोडगा काढला: वादग्रस्त परिच्छेद वाटून घ्या आणि त्याच्या डोक्यावर 'जे' किंवा 'आर' असं लिहा. पुस्तक तसंच छापलं गेलं. ७७ वर्षांचा संसार असा दिसतो. ज्या जोडप्याच्या मृत्युलेखात 'कधी उणाअधिक शब्द नाही' असं लिहिलेलं असतं, त्यांच्या घरी भिंतींना कान नसावेत एवढंच त्यावरून सिद्ध होतं.

अंत्यविधीत कार्टर यांचा नातू जेसन याने जे सांगितलं, त्यात या कुटुंबाचा सगळा आर्थिक इतिहास आला. प्लेन्सच्या घरात मोरीशेजारी एक लहानशी मांडणी होती, आणि तिच्यावर प्लास्टिकच्या झिपलॉक पिशव्या धुऊन वाळत घातलेल्या असत. हे ऐकून मराठी वाचकाला उगाच परकं वाटण्याचं कारण नाही. आपल्याकडे दुधाच्या पिशव्या खिडकीच्या गजाला उलट्या टांगून वाळवणारी पिढी अजून हयात आहे. फरक एवढाच, की कार्टर यांच्या स्वयंपाकघराबाहेर सरकारी अंगरक्षकांचा ताफा उभा असे. २०१८मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने लिहिलं होतं, की त्या दोन बेडरूमच्या जुन्या घराचं सरकारी मूल्यांकन १ लाख ६७ हजार डॉलर आहे, आणि बाहेर उभी असलेली चिलखती गाडी त्याहून महाग आहे.

तिसरं विशेषण नौदलाचं. मृत्युलेखांत हे सगळ्यात निर्धोक, कारण कागदपत्रं असतात. पण कार्टर यांनी नौदलातही अक्षरशः वागण्याचा घोळ घातलाच. अणुपाणबुड्यांचे जनक ॲडमिरल रिकोव्हर यांनी मुलाखतीत विचारलं, अकादमीत कितवा आलास? ८२०मध्ये एकोणसाठावा, असं कार्टर यांनी अभिमानाने सांगितलं. रिकोव्हर यांनी पुढे विचारलं, तू तुझ्या परीने पूर्ण प्रयत्न केलेस का? अशा वेळी जगातला कोणताही उमेदवार 'हो साहेब' म्हणतो. कार्टर यांनी क्षणभर विचार केला आणि खरं सांगितलं, की नेहमीच नाही. निवड तरीही झाली. मग डिसेंबर १९५२मध्ये कॅनडातल्या चॉक रिव्हर इथली अणुभट्टी बिघडली, आतलं इंधन वितळलं, आणि मदतीला गेलेल्या अमेरिकी नौदलाच्या तुकडीचं नेतृत्व अठ्ठावीस वर्षांच्या लेफ्टनंट कार्टरकडे आलं. किरणोत्सार इतका, की एका माणसाला आत सुमारे नव्वद सेकंद थांबता येणार. म्हणून शेजारच्या टेनिस कोर्टवर भट्टीची हुबेहूब प्रतिकृती उभारण्यात आली. तिच्यावर आधी तालीम करायची, मग खऱ्या भट्टीत उतरायचं, ठरलेले दोन-चार बोल्ट पान्याने सोडवायचे आणि पळत वर यायचं. की लगेच प्रतिकृतीवरचे तेच बोल्ट काढायचे, म्हणजे पुढच्याला नेमकं काय उरलंय ते कळतं. कार्टर स्वतः उतरले. पुढे कित्येक महिने त्यांच्या लघवीत किरणोत्सार सापडत होता.

हे टेनिस कोर्ट लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण कार्टर यांच्या चरित्रात आणखी एक टेनिस कोर्ट आहे आणि जगाला तेवढंच माहीत आहे. व्हाइट हाउसच्या कोर्टवर कोणी कधी खेळायचं हे राष्ट्राध्यक्ष स्वतः ठरवतात, असं त्यांच्याच एका माजी भाषणलेखकाने १९७९मध्ये लिहिलं. पत्रकारांनी विचारलं तेव्हा कार्टर यांनी साफ इन्कार केला, आणि मग प्रामाणिकपणे खुलासा केला: विनंत्या माझ्या सचिवांकडे येतात, म्हणजे एकाच वेळी एकाहून जास्त माणसांना कोर्ट हवं असं होऊ नये, अर्थात ती माणसं जाळ्याच्या दोन बाजूंना असतील किंवा दुहेरी सामना चालू असेल तर गोष्ट वेगळी. इन्कार ऐकून आरोपावर कोणाचाच अविश्वास उरला नाही. पण दोन्ही कोर्टांवर वागणारा माणूस एकच आहे. कोणता बोल्ट कोणी कधी काढायचा याचा सेकंदांत हिशेब ठेवणारा माणूस अणुभट्टीत उतरला की शूर ठरतो आणि कार्यालयात बसला की हास्यास्पद. गुण तोच, प्रेक्षक बदलले.

प्रेक्षकांचं मन कसं चालतं याचा आणखी एक नमुना म्हणजे ससा. २० एप्रिल १९७९ रोजी कार्टर गावच्या तळ्यात एकटेच होडीतून मासे पकडत होते. पाणथळीतला एक ससा पोहत होडीकडे आला. कार्टर यांनी वल्ह्याने पाणी उडवून त्याला परतवलं. महिन्यांनंतर त्यांच्या प्रसिद्धी सचिवाने चहा पिता पिता ही गोष्ट एका पत्रकाराला सांगितली आणि ऑगस्टमध्ये 'राष्ट्राध्यक्षांवर सशाचा हल्ला' ही बातमी 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या पहिल्या पानावर आली. बाकी सारं विसरलं गेलं. वितळलेल्या अणुभट्टीत उतरलेला पाणबुडीवाला दुबळा ठरला. आणि पुढच्याच वर्षी त्याला हरवणारे रोनाल्ड रेगन खंबीर ठरले, ज्यांचं महायुद्ध दृष्टी कमी असल्याने कॅलिफोर्नियात सैन्यासाठी चित्रपट बनवण्यात गेलं होतं. धर्माच्या आघाडीवरही हेच. १९७९मध्ये 'मॉरल मेजॉरिटी' नावाची संघटना ख्रिस्ती मूल्यं आणि कुटुंबसंस्था वाचवायला निघाली, आणि तिने रविवारच्या शाळेचा मास्तर सोडून, घटस्फोट पदरी असलेला, चर्चला क्वचित जाणारा हॉलिवूडचा नट निवडला. रेगन यांची यात काही चूक नाही. भक्त, कुटुंबवत्सल आणि लढवय्या माणूस कसा दिसतो हे त्यांना नीट माहीत होतं, आणि दिसणं हाच त्यांचा जन्माचा व्यवसाय होता.

यातून माझा मुद्दा निघतो. दिखाऊ सद्गुणाला प्रमाणाचं भान असतं, कारण त्याची नजर सतत पाहणाऱ्यावर असते. किती वाकलं तर नम्र दिसतं आणि त्याहून किती वाकलं तर बावळट दिसतं, हे त्याला अचूक कळतं. काटकसरीचं आवाहन करणारा हुशार नेता सूट घालूनच आवाहन करतो. कार्टर यांनी १९७७च्या फेब्रुवारीत लोकरीचं जाकीट चढवून टीव्हीवर सांगितलं, की घरातलं तापमान दिवसा ६५ आणि रात्री ५५ अंश फॅरनहाइटवर ठेवा. आणि मग व्हाइट हाउसमध्येही खरोखरच तसं ठेवलं, जिथे टंकलेखनाला बसलेल्यांची बोटं गारठू लागली. राष्ट्राध्यक्षांची सरकारी नौका विकून टाकली. छतावर पाणी तापवायला ३२ सौर पाट्या बसवल्या, ज्या रेगन यांच्या काळात दुरुस्तीच्या निमित्ताने उतरल्या आणि परत चढल्या नाहीत. गरिबांसाठी घरं बांधायची म्हणजे नेत्याने थापीभर सिमेंट लावून फोटो काढायचा आणि निघायचं. कार्टर दर वर्षी आठवडाभर हातोडी घेऊन राबत. २००६मध्ये ब्याऐंशीव्या वर्षी ते लोणावळ्याजवळ मळवलीला आले ते याच कामाला. शंभर घरं उभी राहायची होती. ब्रॅड पिटही आला होता, तेव्हा गर्दीची मान कुठे वळली असेल हे सांगायला नको. २०१९मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी, ते घरात पडले, कपाळाला १४ टाके पडले, आणि दुसऱ्या दिवशी सुजलेल्या काळ्यानिळ्या डोळ्याने नॅशव्हिलमध्ये घरबांधणीला हजर झाले. यांतली एकेक गोष्ट चांगली आहे. सगळ्या एकाच माणसाने, एकाही ठिकाणी सूट न घेता केल्या, म्हणून त्या हास्यास्पद झाल्या. आपल्याकडेही कोणी फार हळवेपणाने खरं वागू लागला, की लोक त्याला 'साने गुरुजी होऊ नकोस' म्हणतात. त्यात गुरुजींचा अपमान नसतो; आपल्याला इतकं झेपणार नाही याची ती कबुली असते.

यावर पहिला आक्षेप सोपा आहे. हसं तर बिलीचंही झालं. मग तोही संत का? नाही. प्रत्येक खऱ्या सज्जनाला लोक हसतात, एवढंच मी म्हणतो. ज्याला लोक हसतात तो प्रत्येक जण सज्जन असता, तर विधिमंडळांत संतांची दाटी झाली असती. म्हणून नुसतं हसू मोजून भागत नाही. कशाबद्दल हसले हे पाहावं लागतं. बिलीला लोक हसले ते त्याने केलेल्या उद्योगांना. थोरल्याला हसले ते त्याने दिलेला शब्द पाळला म्हणून.

दुसरा आक्षेप जड आहे. सज्जन असेल, पण राष्ट्राध्यक्ष म्हणून काय? १९८०मध्ये महागाई साडेतेरा टक्क्यांवर गेली होती, तेहरानमध्ये ५२ अमेरिकी ४४४ दिवस ओलीस होते, त्यांना सोडवण्याच्या मोहिमेत आठ सैनिकांचे प्राण गेले. पेट्रोलच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाने राष्ट्राध्यक्षांच्या बायबलवर्गाकडे पाहून मत द्यावं, अशी अपेक्षा मीही करणार नाही. ४४ राज्यांनी त्यांना नाकारलं, ते महागाई आणि ओलीस यांच्यामुळे. सद्गुणांमुळे ते हरले असा माझा दावा नाही. पण सद्गुण राज्यकारभारात निरुपयोगी ठरले, हेही खरं नाही. महागाई आवरायला मध्यवर्ती बँकेच्या प्रमुखपदी पॉल व्होल्कर यांना त्यांनीच नेमलं. व्याजाचे दर आभाळाला भिडले, निवडणूक हातची गेली, आणि औषधाचा गुण आला तो पुढच्याच्या राज्यात. शिवाय सप्टेंबर १९७८ची कॅम्प डेव्हिडची इजिप्त-इस्रायल बोलणी पाहा. तेराव्या दिवशी इस्रायलचे पंतप्रधान बेगिन बॅग भरून निघायच्या बेतात होते. त्यांनी नातवंडांसाठी सह्या केलेले फोटो मागितले होते. कार्टर यांनी प्रत्येक नातवंडाचं नाव मिळवलं, एकेका फोटोवर ते नाव घालून सही केली, आणि स्वतः नेऊन हातात दिले. बेगिन एकेक नाव मोठ्याने वाचू लागले आणि त्यांचा आवाज कापरा झाला. त्यानंतर बोलणी पुन्हा सुरू झाली. त्यांतून पुढे इजिप्त आणि इस्रायल यांच्यात झालेला तह अजून टिकून आहे. कसलेल्या मुत्सद्द्याने फोटोंचा गठ्ठा सचिवाच्या हाती पाठवला असता.

तिसरा आक्षेप असा, की हा माणूस इतकाही धुतल्या तांदळासारखा नव्हता. मान्य. १९७०ची जॉर्जियाच्या गव्हर्नरपदाची निवडणूक त्यांनी वर्णभेदी मतदारांना गोंजारून जिंकली, आणि जानेवारी १९७१मध्ये शपथ घेताच भाषणात जाहीर केलं की वर्णभेदाचा काळ संपला आहे. ज्यांची मतं घेतली ते आ वासून बघत राहिले. हा डाग आहे आणि तो धुऊन निघत नाही. पण गंमत पाहा: त्या प्रचारातले कार्टर मुळीच हास्यास्पद नव्हते. ते हिशेबी होते, चतुर होते आणि विजयी झाले. हसं होण्याची आणि खरं वागण्याची जोडी त्यांच्या पापातही सुटत नाही. दुसरा पुरावा आपल्या जवळचा. जानेवारी १९७८मध्ये दिल्लीत, तारापूरच्या अणुइंधनावरून मोरारजी देसाईंशी बोलणी अडली, तेव्हा मायक्रोफोन चालू आहे हे न कळून कार्टर आपल्या परराष्ट्रमंत्र्याला म्हणाले, की परत गेल्यावर यांना आणखी एक थंड आणि अगदी रोखठोक पत्र लिहू. बाहेर हस्तांदोलन आणि आत हे, म्हणून केवढा गाजावाजा झाला. पण मायक्रोफोन चुकून चालू राहिल्यावर जगातल्या नेत्यांच्या तोंडून काय काय बाहेर पडतं, ते आठवून पाहा. कार्टर यांच्या तोंडून पत्रव्यवहाराची योजना बाहेर पडली.

शेवटचा आक्षेप अहंकाराचा. आपणच बरोबर आहोत याची खात्री, सहकाऱ्यांना उपदेश, स्वपक्षाच्या खासदारांशीही न जमणं. हे सगळं त्यांच्या जवळच्यांनीच लिहून ठेवलंय. तेही मान्य. सज्जन माणूस सोबतीला सुखाचा असतो, असं कोणी कधी लिहून दिलेलं नाही. अंत्यविधीतही त्यांनी लोकांची सोय पाहिली असं म्हणवत नाही. ते फेब्रुवारी २०२३मध्ये घरीच अखेरची शुश्रूषा घ्यायला लागले, जगभरच्या संपादकांनी मृत्युलेख तयार ठेवले, आणि त्यानंतर ते बावीस महिने जगले. ९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनच्या कॅथीड्रलमध्ये त्यांच्यावर झालेल्या भाषणांपैकी दोन भाषणं त्यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड आणि त्यांचे उपराष्ट्राध्यक्ष वॉल्टर मॉन्डेल यांची होती. फोर्ड २००६मध्येच गेले होते, मॉन्डेल २०२१मध्ये. दोघांनी लिहून ठेवलेली श्रद्धांजली त्यांच्या मुलांनी वाचून दाखवली. श्रद्धांजली वाहणाऱ्यांनाच आधी पोचवून येणारा दिवंगत विरळा. त्यानंतर त्या निष्ठावंत ख्रिस्ती माणसासाठी जॉन लेननचं 'इमॅजिन' गायलं गेलं, ज्यात स्वर्ग आणि धर्म दोन्ही नसलेल्या जगाची कल्पना आहे. पाच माजी-आजी-भावी राष्ट्राध्यक्ष ते गंभीर चेहऱ्याने ऐकत बसले होते.

मग असला माणूस नेमावा तरी कुठे? या प्रश्नाचं उत्तर कार्टर यांनी सत्तेतून उतरल्यावर दिलं. १९८६मध्ये आफ्रिका आणि आशियातल्या २१ देशांत नारूचे अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. नारू म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या पायऱ्यांच्या विहिरींचं पाणी प्यालेल्या पिढीला सांगावं लागत नाही. भारताने स्वतःची मोहीम आधीच उघडली होती. १९९६मध्ये इथला शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २०००मध्ये देश नारूमुक्त ठरला. बाकी जगात कार्टर यांच्या संस्थेने हे काम हाती घेतलं. या रोगावर औषध नाही, लस नाही. पाणी फडक्याने गाळा आणि जखम उघडी असताना पाण्यात उतरू नका, हे गावोगाव, वर्षानुवर्षं, न कंटाळता, त्याच शब्दांत सांगत राहायचं. टेनिस कोर्टचा तक्ता सांभाळणाऱ्या रविवारच्या मास्तरासाठी याहून योग्य काम देवालाही सुचलं नसतं. शेवटचा नारू आपल्याआधी मरावा अशी त्यांची इच्छा होती. ती थोडक्यात हुकली; २०२४मध्ये साऱ्या जगात माणसांमधले रुग्ण उरले होते पंधरा. ज्या हट्टी, शब्दशः, गैरसोयीच्या चांगुलपणाला वॉशिंग्टन चार वर्षांत कंटाळलं, तोच इथे जवळजवळ चाळीस वर्षं चालला, आणि त्याचं कारण उघड आहे. नारूला विनोदबुद्धी नसते आणि मताचा अधिकारही नसतो.